वेदीपुढची टोपली

ताई, तुझा भोपळा गेल्या रविवारपर्यंत वेदीपुढेच होता.

टोपलीतली मेथी पहिल्याच आठवड्यात गळाली, ती मी काढून टाकली. मग पपईला मुंग्या लागल्या, तीही गेली. उरला तो लाल भोपळा, तुझ्या अंगणातल्या माडाचा एक नारळ आणि नव्या तांदळाची पुरचुंडी. शनिवारी चर्च झाडायची पाळी माझी असते. मी टोपली उचलायचे, खालची फरशी पुसायचे आणि टोपली पुन्हा होती तिथेच ठेवायचे. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण ती हलवायचा धीर कोणालाच होत नव्हता. पाळकसाहेबसुद्धा प्रवचनाला उभे राहताना तिला वळसा घालून जायचे.

कापणीच्या सणाची ती टोपली. नवं भात घरात आलं की आपण प्रत्येकजण घरचं काहीतरी आणतो, वेदीपुढे ठेवतो, प्रार्थना होते आणि उपासनेनंतर बाहेर मांडवात त्या सगळ्याचा लिलाव होतो. यंदा त्या दिवशी लिलाव झालाच नाही. बाकीच्यांच्या टोपल्या नंतर एकेक करून मार्गी लागल्या. तुझी राहिली, कारण तू ती ठेवली होतीस, दिली नव्हतीस. हा फरक आम्हाला तूच शिकवला होतास, त्यामुळे आम्ही अडकून बसलो.

तुझी ती जुनी खोड. अर्पण घेऊन वेदीशी आलात आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याबद्दल काही सलतंय, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग येऊन द्या. हे आपण लहानपणापासून ऐकतोय. सगळे ऐकतात, मान डोलावतात आणि पाकीट टाकून घरी जातात. तू मात्र एका रविवारी अर्पणाच्या गीताला उठलीस, पिशवी वेदीपुढे ठेवलीस आणि सरळ मागच्या दाराने बाहेर पडलीस. आम्हाला वाटलं, तुला मळमळतंय. तू गेली होतीस कुंभवलीच्या नळावर जिच्याशी भांडली होतीस त्या बाईच्या घरी. आम्ही गात राहिलो. पेटीवाल्याला येणारी गीतं संपत आली, तेव्हा तू घामाघूम होऊन परत आलीस आणि पाळकसाहेबांना म्हणालीस, "झालं. आता घ्या."

तेव्हापासून तो आपल्या चर्चचा रिवाजच झाला. अर्पणाच्या वेळी मागचं दार उघडं ठेवायचं, ज्याला जायचं त्याने जावं, तो येईपर्यंत बाकीच्यांनी गावं. कितीतरी माणसं त्या दाराने गेली. काही डोळे पुसत परत आली, काही आणखी तापून परत आली. एकदा तर दोन भाऊ समेट करायला म्हणून गेले आणि बाहेर वडाखालीच पुन्हा जुंपली, तेव्हा तूच धावत जाऊन सोडवलंस. वचन पाळायचं तर आपली गैरसोय व्हायलाच हवी, असं तुझं म्हणणं. गैरसोय झाली नाही तर समजायचं की आपण ते नुसतं पाठ केलंय.

दाजींची गैरसोय तर कायमची. ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक द्यावं म्हणून ऐन पावसाळ्यात त्यांचा रेनकोट तू कंपनीच्या गेटवर भिजत उभ्या असलेल्या एका कामगाराला देऊन आलीस. दाजी म्हणाले, "अगं, माझ्याकडे दोन कुठे होते? एकच होता." तू म्हणालीस, "छत्री आहे ना." मी तुला चिडवायचे, उद्याची चिंता करू नका म्हटलंय, मग तू आदल्या रात्री वाल का भिजत घालतेस? तू मान वर न करता म्हणायचीस, "ती चिंता नव्हे गं, ती तयारी." तुझ्याशी वाद घालण्यात एक मजा होती. आई गेल्यावर माझ्याशी इतकं मन लावून भांडणारं दुसरं कोणी राहिलं नव्हतं.

पण यशोदेच्या बाबतीत तू चुकलीस. तू गेलीस म्हणून माझं मत काही बदललेलं नाही.

यशोदा मुरब्याची. सुके बोंबील आणि जवळा घेऊन ती तुझ्या गल्लीत यायची, पाटी तुझ्याच ओट्यावर उतरवायची आणि तुझ्याच कपातून चहा प्यायची. तुझ्या थोरलीच्या वेळच्या बाळंतपणात आई आजारी होती आणि मी शाळकरी. तेव्हा तुला रोज गरम कालवण कोणी आणून दिलं, हे मला सांगायची गरज नाही. दर नारळीपौर्णिमेला ती नारळीभाताचा डबा आणायची. तू खायचीस, दाजी खायचे, माझ्यासाठी वाटीभर बाजूला ठेवायचीस. मग यंदा घरसभेला तो बाहेरून आलेला तरुण प्रचारक बोलला, मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल. तू रात्रभर झोपली नव्हतीस म्हणे, हे दाजींकडून मला आत्ता कळलं. त्यानंतरच्या नारळीपौर्णिमेला यशोदा आली आणि दरवर्षीसारखं म्हणाली, "देवाला दाखवलाय, मंगच आनलाय." तू हात जोडलेस. "यशोदे, यंदापासून मला हे चालणार नाही." शेजारणी दारात उभ्या होत्या, मीही तिथेच होते. यशोदेने डबा पदराखाली घेतला आणि गेली. पुन्हा ती तुझ्या गल्लीत फिरकली नाही.

मी तर गोडच बोलले, असं तू म्हणायचीस. हो, गोडच बोललीस.

"वचनात स्पष्ट आहे," तू म्हणालीस. "समोर वाढलं तर न विचारता खा. पण कोणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. तिने सांगितलं ना?"

"सांगणाऱ्याच्या मनासाठी," मी म्हणाले. "मग त्या मनाचं काय झालं ते बघायला गेलीस का?"

वाद तिथेच राहिला, आणि मी येता-जाता तो उकरत राहिले.

सणाच्या आदल्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून तांदळाची पुरचुंडी बांधत होते. तू भोपळा पुसत होतीस. मला काही राहवलं नाही.

"उद्या ही टोपली वेदीपुढे ठेवशील," मी म्हणाले. "आणि मुरब्याला एक बाई तुझ्यामुळे तोंड लपवून बसलीय. तेव्हा मागचं दार दिसणार नाही का तुला?"

"भावाशी समेट करा असं म्हटलंय, रुथ. विश्वासातल्या भावाशी. यशोदा बाहेरची."

"बाहेरच्या बाईने तुझं बाळंतपण काढलं."

"तू माझ्यापेक्षा जास्त शास्त्र शिकलीस का?"

"शिकले नाही. पण डबा घेऊन जाताना तिचं तोंड मी बघितलंय."

तू टोपलीवर फडकं टाकलंस आणि म्हणालीस, "निघ आता." मी निघाले. फाटकातून ओरडून सांगितलं की उद्या मी येत नाही, तुझी टोपली तूच वाहा. त्या रविवारी मी बोईसरला घरीच बसले आणि उपासनेच्या वेळी मुद्दाम चादरी धुवायला काढल्या.

पुढचं मला दाजींनी सांगितलं. अर्पणाचं गीत सुरू झालं, तू टोपली वेदीपुढे ठेवलीस आणि आपल्या जागेवर परत आलीस. बसलीससुद्धा. मग पुन्हा उठलीस. दाजींनी विचारलं, "कुठे?" तू नुसता हात केलास, आलेच असा. नाक्यावर जाऊन रिक्षात बसलीस. त्याच स्टँडवरून रिक्षा इकडे बोईसरला माझ्याकडे येतात आणि तिकडे मुरब्यालाही जातात. रिक्षावाला उत्तरेकडचा, नवीन. तो रडवेला होऊन एकच सांगत होता, "बैठीं और बोलीं, चलो भैया, जल्दी वापस आना है. मैंने पूछा, किधर? फिर कुछ बोलीं ही नहीं." इकडे चर्चमध्ये तुझ्यासाठी गीत चालू होतं. रिक्षातच तुझा श्वास थांबल्याचा निरोप येईपर्यंत लोक गात होते.

किधर? त्या रिक्षावाल्याचा प्रश्न आता माझ्या मानगुटीवर बसलाय. मशीनवर शिवायला बसले की पायाखालून तोच ऐकू येतो. माझ्याकडे निघाली होतीस, तर शेवटी तुझ्या मनात मी होते. पण मग यशोदा तुझ्या लेखी बाहेरचीच राहिली. यशोदेकडे निघाली होतीस, तर मी जिंकले. आणि मग मी घरी रागावून बसलेय हे तुला त्या वेळी आठवलंच नाही. मला दोन्ही हवंय, ताई. तू माझ्याकडेही यायला हवी होतीस आणि तिच्याकडेही.

मेलेल्यांशी बोलू नये असं शास्त्रात आहे, हे तूच सांगायचीस. मग मी हे काय करतेय? तू इथे असतीस तर मला अध्याय काढून दाखवला असतास. पण मी बोलायला जात नाही, तूच येतेस. नाक्यावर तुझ्यासारख्या अबोली साडीतलं कोणी रिक्षात बसताना दिसलं की माझे पाय थांबतात. संध्याकाळी कारखान्यांचा तो आंबूस वास उतरला की वाटतं, आता फाटकातून आवाज येईल, "रुथ, खिडक्या लाव गं." मी खिडक्या लावते. मग तुझ्यासाठी एक उघडते.

आणि चर्चमधलं ते मागचं दार. अर्पणाच्या गीताला त्याची बिजागरी वाजते. रस्त्याने टँकर गेला की दार हलतं, हे मला कळतं, सगळ्यांनाच कळतं. तरी दर रविवारी सगळ्यांच्या माना वळायच्या. फक्त दाजी वळायचे नाहीत. ते समोर टोपलीकडे बघत बसायचे. गायचं तर त्यांनी सोडूनच दिलं.

पाळकसाहेब एकदा त्यांच्याकडे आले, मी तिथेच होते. "टोपलीचं काय करू या?" दाजी म्हणाले, "तिने दिलीच नाही, मग मी कशी उचलू?" पाळकसाहेब म्हणाले, "आणि त्या ज्या कामाला गेल्या ते झालं नाही, तर मी तरी ती कशी घेऊ? मार्थाबाईंनी मला तिथल्या तिथे धरलं असतं." दोघंही हसले. मग दाजी उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

शेवटी मीच नाक्यावर जाऊन रिक्षात बसले. रिक्षावाला दुसराच होता. त्याने विचारलं, "किधर?" माझ्याने पटकन सांगवेना. मागच्या बाईने ढोसलं तेव्हा म्हणाले, मुरबे.

यशोदा अंगणात बांबूंवर बोंबील टाकत होती. मला बघून तिने हात पुसले, पण पुढे आली नाही. तुझ्या मातीला ती आली होती, ठाऊक आहे का तुला? कुंपणाबाहेर उभी होती. दाजींना दिसली, मला नाही.

"ती तुझ्याकडे निघाली होती," मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. हे तिला द्यायचं असं मी रस्ताभर ठरवत आले होते.

"कोन सांगला तुमाला?"

"कोणी नाही. मला माहीत आहे."

"तुमाला काय बी म्हाईत नाय," यशोदा म्हणाली. "आदल्या दिवशी काय झाला?"

"आमचं भांडण झालं."

"कशावरनं?"

"तुझ्यावरून."

ती खाली बसली. हातातला बोंबील तिने नुसताच धरून ठेवला होता. "मंग ती तुमच्याकडंच निघालेली," ती म्हणाली. "माज्यापायी भनीला दुखवली, ते तिला लागला आसल. तुमी धाकटी, तुमच्यात जीव व्हता तिचा. माज्याकडं कशाला येल?"

"तू रागावली होतीस ना?"

"रागावली व्हती, खोटा नाय बोलत. तो डबा घेऊन घरी आली, तर पोरींला काय सांगू ते सुचंना. आमच्या दर्याच्या सनाचा भात कोन परत करतो? पन आता ती गेली. राग धरू तर कोनावर धरू?"

आम्ही दोघी तिथे बसून तुला एकमेकींच्या पदरात टाकत होतो, ताई. ती म्हणत होती तुझी, मी म्हणत होते तुझी.

तिने जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, बोंबलाचं कालवण, आणि बाजूला वाटीत नारळाचं गोड. वाटी ठेवताना तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "काल नव्या जाळ्याची पूजा झाली. त्यातला नारल हाय. आदी सांगते, मागनं बोल नको."

आणि माझा हात थांबला. तुझ्याशी इतकं तोंड वाजवलेली मी, माझाच हात वाटीवर थांबला. तू माझ्या शेजारी पाटावर बसली होतीस. तुझा श्वास मला ऐकू आला, जिना चढून आल्यावर तुला लागायचा तसा. तेव्हा मला तुझी ती झोप न लागलेली रात्र कळली. मला वाटत आलं होतं की तू ताठ्याने डबा परत केलास. तू घाबरली होतीस. इतकी वर्षं आपण देवाला दुखवत तर नाही ना आलो, या भीतीने तू हात जोडले होतेस. हे तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. आपण दोघी फक्त वचनं फेकत राहिलो एकमेकींवर.

यशोदा बघत होती. "नको आसल तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता मी नाय रुसायची."

ते ऐकलं आणि मी खाल्लं. मला रडू आलं ते खाता खाताच. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत बसली.

निघताना मी तिला रविवारी ये म्हटलं. "मी कशाला? मी तुमच्यातली नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, आत नको येऊस, दारापर्यंत ये. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

गेल्या रविवारी अर्पणाचं गीत सुरू झालं. बिजागरी वाजली. सगळ्यांच्या माना वळल्या, आणि पहिल्यांदाच त्या दारात खरोखर कोणीतरी उभं होतं. चपला बाहेर काढून यशोदा उंबऱ्यापाशी थांबली होती. गीत मध्येच विस्कटलं. दाजींनी मान वळवली.

पाळकसाहेबांनी मला विचारलं, "मार्थाबाई जिथे निघाल्या होत्या, तिथे कोणी जाऊन आलं का?"

"मी जाऊन आले," मी म्हणाले.

"त्या कोणाकडे निघाल्या होत्या?"

खोटं बोलायचं असतं तर तिथेच बोलले असते. पण तुझी टोपली समोर होती. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी म्हणते तिच्याकडे. ती म्हणते माझ्याकडे."

पाळकसाहेबांनी नुसते दोन्ही हात पुढे केले. दाजी उठले. टोपली उचलताना ते थोडे झोकांडले, भोपळा जड होता. त्यांनी ती पाळकसाहेबांच्या हातांत दिली आणि परत येऊन बसले. मग गायला लागले. सूर लागत नव्हता, तरी गात होते.

बाहेर मांडव नव्हता, तरी तुझ्या टोपलीचा लिलाव झाला. तांदूळ पेटीवाल्याने घेतला, भोपळा मी घेतला. नारळावर यशोदेने बोली लावली, त्याहून चढी बोली लावायला कोणी तोंडच उघडलं नाही. नारळ ओटीत घेऊन ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "पुनवेला भात आनीन. देवाला दाखवायच्या आदी तुमचा डबा भरून ठेवीन. मंग चालल ना?"

एवढंच, ताई. आधी डबा भरून ठेवायचा. तू एकदा तिच्या अंगणात जाऊन बसली असतीस तर तिने तुलाही हेच सांगितलं असतं. आणि कोण जाणे, कदाचित तेवढ्यासाठीच तू रिक्षात बसली होतीस.

तुझा भोपळा माझ्या स्वयंपाकघरात आहे. अजून चिरलेला नाही. मागचं दार आम्ही रविवारी उघडंच ठेवतो, आणि टँकर गेला की माझी मान अजूनही वळते. ती वळायची थांबेल असं मला वाटत नाही. तू कोणाकडे निघाली होतीस ते मला कळलं नाही, कळणारही नाही. पण तुझी टोपली पोचली, आपल्या हाताने दाजींनी पोचवली. जल्दी वापस आना है, म्हणाली होतीस त्याला. आता धावत येऊ नकोस गं. तुला आधीच धाप लागते.